पुढे काहीच नव्हतं!

आज हायवेवर बराच वेळ मुंगीच्या पावलांनी सरकत होतो. वाटलं, पुढे अपघात झाला असणार. पण नाही, रस्ता एकदम मोकळा! एकाने ब्रेक दाबला की मागचा त्याहून करकचून दाबतो आणि थांबण्याची ती लाट मागे मागे जात राहते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या फिरवल्या, तर कसलाही अडथळा नसताना कोंडी झाली. पुढे अमेरिकेतल्या तशाच प्रयोगात वीसेक गाड्यांमध्ये एकच स्वयंचलित गाडी एकसारख्या वेगाने चालली आणि लाट विरली. एकच गाडी! त्यामुळे सगळ्यांनी एकसारख्या वेगाने जावं म्हणून गर्दीच्या वेळी वेगमर्यादा कमी केली तर मला मुळीच राग येत नाही. मागून चिकटून हॉर्न वाजवणाऱ्यांचा मात्र फार येतो.