केकला रश्श्याचा वास

गेल्या वर्षी गणपतीला भाची ओहायोहून आली, तेव्हा चॉकलेटांच्या पिशवीतून तिने एक डबी काढून माझ्या हातात ठेवली. बोटभर उंच, नारिंगी झाकण, वर भोपळ्याचं चित्र. "मावशी, आमच्याकडे सप्टेंबर लागला की घराघरांत, दुकानादुकानांत हाच वास. केकमध्ये घाल, बिस्किटात घाल, कॉफीत घाल." मी झाकण उघडून नाकाजवळ नेलं आणि खरं सांगते, रविवारी दुपारी आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीतून चालल्यासारखं वाटलं. कुणाकडे तरी मटण शिजतंय आणि आपल्याला बोलावणं नाही, तसं.

"ह्यात भोपळा कुठाय?" विचारलं तर म्हणाली, नसतोच. चहा मसाल्यात चहा असतो काय? नोव्हेंबरातल्या त्यांच्या सणाला भोपळ्याचा 'पाय' करतात, त्यात घालायचा म्हणून तो भोपळ्याचा मसाला. "भोपळ्याला पाय कुठले गे?" सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. कान थोडे गेलेत, नाक मात्र शाबूत आहे. हे नाक पुढे येणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

डबी महिनाभरात संपली, कारण ती होतीच केवढी. मग मागच्या बाजूचे बारीक अक्षरातले जिन्नस चष्मा लावून वाचले. दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग, ऑलस्पाइस. पाचातले चार माझ्या स्वयंपाकघरात होते. मॅकॉर्मिक नावाच्या कंपनीने हा मसाला १९३४ साली तयार डबीत भरून विकायला काढला, आणि २००३ पासून स्टारबक्सवाल्यांनी तो कॉफीत घालून सगळीकडे नेला, असं भाचीने सांगितलं. म्हणजे आमच्या घाटाखाली पिकणाऱ्या जिनसा मी तिकडून विमानाने आणवून घेत होते. यंदा घरी करायचं ठरवलं.

पहिली चूक सवयीची. मसाला म्हटलं की आपला हात तव्याकडे जातो. मी लोखंडी तवा ठेवला, दालचिनी आणि लवंगा मंद आचेवर खमंग भाजल्या, सुंठही जरा फिरवली आणि सगळं मिक्सरला लावलं. रंग छान काळसर आला. त्याचा भोपळ्याचा केक केला. ओव्हनमधून वास सुटला तशा सासूबाई आतल्या खोलीतून ओरडल्या, "केक करूलालीस की मटणाचा मसाला भाजूलालीस गे?" हे ऑफिसातून आले, चपला काढता काढता खूश होऊन विचारतात, "आज काय, रस्सा?" केक पुढे ठेवल्यावर त्यांचा चेहरा पडला. दोन तुकडे खाल्ले बिचाऱ्यांनी. उरलेला मीच आठवडाभर चहाबरोबर संपवला.

ह्यावर मी बराच विचार केला. आपल्याकडे गोडाचा वास म्हणजे वेलची आणि जायफळ. दालचिनी-लवंग ही तिखटाकडची माणसं. नारळीभातात, साखरभातात लवंग येते, पण दोन-चार अख्ख्या, तुपात तडतडून. ताटाच्या कडेला काढून ठेवायच्या पाहुण्यासारख्या. पूड करून गोडात घालणं आमच्या नाकाला ठाऊक नाही. त्यात भाजलं की आणखी बिघडतं. भाजल्यावर तो जळका-खमंग वास येतो, तोच आपल्याला कांदा-खोबऱ्याची आठवण करून देतो, आणि दालचिनीचा जो गोडसर, हलका वास असतो तो आधी उडून जातो. तिकडचे लोक हा मसाला कच्चाच दळतात. केक ओव्हनमध्ये पाऊण तास भाजणारच आहे, मसाला आधी वेगळा कशाला भाजायचा?

पण न भाजता दळायचं तर जिन्नस कोरडे हवेत, आणि बेळगावात चार महिने पाऊस. श्रावणात डब्यातली सुंठ वाकते, तुटत नाही. म्हणून हे काम आश्विनातच करावं. नवरात्रात ऊन तापायला लागतं, लोक ऑक्टोबर हीटच्या नावाने बोटं मोडतात, पण मसाल्याला तेच ऊन लागतं. अख्खी दालचिनी, लवंगा आणि सुंठ पातळ फडक्याखाली गच्चीवर दोन-तीन तास ठेवली की कडक होतात. दळलेली पूड मात्र उन्हात ठेवू नये, वास निघून जातो.

दालचिनीसाठी रविवार पेठेत गेले. दुकानदार कानडी, आमचं बोलणं निम्मं इकडचं निम्मं तिकडचं. "चक्के पाहिजे काय?" म्हणून त्याने पोत्यातून जाड सालीचे तुकडे काढले. हेच आपण सगळे घरात दालचिनी म्हणून वापरतो. खरं तर ती कॅसिया. जाड, टणक, एकाच पदराची, तिखट. म्हटलं, ही नको, ती पातळ हवी. त्याने मान डोलावली आणि वरच्या फळीवरची बरणी काढली. पातळ सालीचे पदर एकात एक गुंडाळलेले, निपाणीच्या बायका विड्या वळतात तसे, आणि चिमटीत धरून दाबलं की कुडकन मोडणारे. ही सिलोनची. भाव विचारला आणि शंभर ग्रॅमच्या ऐवजी पन्नास घेतली. रश्श्याला कॅसियाच बरी, ह्या नाजूक दालचिनीचं तिथे काही चालायचं नाही. गोडाला मात्र हीच. शिवाय कॅसियात कूमरिन नावाचं द्रव्य जास्त असतं, फार पोटात गेलं तर यकृताला बरं नव्हे. सिलोनच्या दालचिनीत ते नावालाच. केकमधल्या चिमटीने काही होत नाही, पण रोज सकाळी चमचाभर दालचिनी पाण्यातून घेणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी हे वाचावं.

जायफळ विकत घ्यावं लागलं नाही. आमच्या शेजारीण बाई गोव्याच्या, माहेरी कुळागर आहे, म्हणजे सुपारीची बाग. सुपारीच्या सावलीत जायफळाची झाडं. मे महिन्यात चोर्ला घाटातून येताना त्या पिशवीभर घेऊन येतात, कवचासकट. कानाजवळ धरून हलवायचं, आत खुळखुळलं की वाळलं. कवच फोडून आतली बी किसायची. जायफळ मिक्सरला लावू नका, मी लावलं होतं. ते तेलकट असतं, भांड्याच्या तळाशी लोण्यासारखं चिकटून बसतं. बारीक किसणीवर किसा, नाहीतर सहाणेवर उगाळून घ्या. जायपत्री मिळाली तर तीही चिमूटभर, तिचा वास जायफळापेक्षा मऊ.

राहिलं ऑलस्पाइस. कॅरिबियन बेटांवरच्या एका झाडाचं वाळवलेलं फळ. दालचिनी, लवंग, जायफळ सगळ्यांचा वास त्या एकात, म्हणून इंग्रजीत ते नाव. स्पॅनिश लोकांना ती मिरीच वाटली होती, म्हणून त्यांनी नावही मिरीचंच दिलं. रविवार पेठेत विचारलं तर कबाबचिनी पुढे केली. ती वेगळी, शेपटीची मिरी. मग आठवलं, धाकट्या जावेच्या खानापूरच्या परसात 'सर्वसुगंधी' म्हणून एक झाड आहे, बिर्याणीत त्याची पानं घालते ती. तेच हे. फळ कधी धरलेलं नाही, पण पान चुरगळलं की लवंगच. वासाचं मूळ द्रव्यही एकच म्हणतात, युजेनॉल. चार पानं सावलीत वाळवून चुरली. ज्यांच्या जावेकडे झाड नाही त्यांनी दोन लवंगा आणि चार मिरी जास्त घालाव्यात, फार फरक पडत नाही. मी दोन्ही करून पाहिलंय.

माझं प्रमाण आता असं बसलंय: पातळ दालचिनी वीस ग्रॅम, सुंठ आठ ग्रॅम, एक मध्यम जायफळ, लवंगा बाराच, सर्वसुगंधीची दोन पानं, आणि दहा वेलचीचे दाणे. वेलची मूळ डबीत नव्हती. ती सासूबाईंच्या नाकासाठी. ती घातल्यापासून घरात कुणाला रस्सा आठवलेला नाही. लवंग मोजून घाला, अंदाजाने नको. तिसऱ्या खेपेला मी मूठ सैल सोडली आणि केक खाताना दाताचा डॉक्टर आठवला. सुंठ दळल्यावर तिचे केस राहतात, मलमलच्या फडक्यातून चाळून घ्या. आणि मिक्सरचं भांडं वेगळं ठेवा हो. ज्यात लसणाची चटणी झाली ते कितीही घासलं तरी चुगली करतं. पाव किलो मैद्याच्या केकला दीड चमचा पुरतो.

आता भोपळा. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्यावर बाईने पहिली सुरी चालवायची नाही. मी निवृत्त शिक्षिका, पण सासूबाईंसमोर ह्या बाबतीत शिक्षण चालत नाही. हे येईपर्यंत भोपळा ओट्यावर बसून होता. त्यांनी एक घाव घातला, पुढचं सगळं मी. तिकडचा केकचा भोपळा म्हणे घट्ट असतो, आपला तांबडा भोपळा पाणी सोडतो. वाफवून, कुस्करून, पंच्यात बांधून चक्क्यासारखा तासभर टांगला. अर्ध्या किलोतून वाटीभर पाणी निघालं. ते पाणी टाकू नका, कणीक मळायला घ्या. साखरेऐवजी गूळ घातला तर मसाल्याशी जास्त जमतं, आणि मग तो केक थोडासा घारग्याचा भाऊ वाटतो.

त्याच मसाल्याचे गोड बन करायला गेले तेव्हा पीठ फुगेना. तीन तास थांबले, ढिम्म. यीस्ट जुनं असेल म्हणून नवं आणलं, पुन्हा तेच. मग कळलं की दालचिनीतलं सिनॅमल्डिहाइड यीस्टला मंद करतं. म्हणून मसाला पिठात मळायचा नाही, लाटलेल्या पोळीवर लोणी-गुळाबरोबर पसरायचा आणि गुंडाळी करायची. हे मी सात वाट्या मैदा घालवून शिकले.

कोजागिरीला बरणी अर्ध्यावर आलेली दिसली. मी तर तोवर त्या बरणीतले दोनच केक केले होते. चौकशी केली तर सासूबाई म्हणाल्या, "घारग्यात घातला जरा. दुधात पण घातला." मग थोड्या वेळाने, "लवंग एक कमी कर."

दिवाळीच्या आधी नानकटाई. लहानपणी आई मैदा, तूप, पिठीसाखर डोक्यावरच्या टोपलीत घेऊन कॅम्पातल्या एका बेकरीच्या भट्टीवर जायची. पाव निघून गेल्यावर भट्टीत जी ऊब उरते, त्यात नानकटाई भाजायची. दुपारी दोनपासून बायकांची रांग, प्रत्येकीच्या पत्र्यात नावाची चिठ्ठी. मी चिठ्ठ्या लिहायची, माझं अक्षर चांगलं म्हणून रांगेतल्या सगळ्यांच्या. आता घरात ओव्हन आहे, पण भट्टीच्या नानकटाईला जी तडा जाते ती ओव्हनमध्ये येत नाही. यंदा किलोभर पिठात दोन चमचे मसाला घालून गेले. भट्टी मिळाली, मात्र पूर्वीची नाही, दुसरी. रांगही पाच-सहा जणींचीच.

तासाभराने पत्रे बाहेर आले. सगळे सारखेच, आणि माझी चिठ्ठी गायब, आत जळाली की उडाली कोण जाणे. एक बाई माझ्याच पत्र्याला हात घालत होत्या. भट्टीवरच्या पोराने तो पत्रा उचलला, नाकाशी नेला आणि माझ्यापुढे केला. "हे तुमचं की ओ, आजी. मघापासून ह्याचाच वास येऊलालाय."

आजी म्हणाला. केसांना रंग लावून आठच दिवस झाले होते.