जांबोटी–खानापूर–हलशी: मुरमाच्या वाटा आणि त्यांना साजेशी सायकल

बेळगावहून पिरनवाडी, किणये, कुसमळी या मार्गाने जांबोटी, तेथून खानापूर आणि पुढे नंदगड व हलशी असा हा प्रवास आम्ही भाताची मळणी उरकल्यानंतरच्या थंडीत केला. मुख्य रस्ता डांबरी आहे. परंतु जेथे गावामागची पाणंद किंवा दोन वाड्यांना जोडणारा मुरमाचा रस्ता सापडेल तेथे डांबर सोडायचे, असे आधीच ठरलेले होते. त्यामुळे वाटेइतकेच सायकलीविषयीही येथे लिहिले आहे.

सध्या ‘ग्रॅव्हल’ (म्हणजे खडीच्या वाटांसाठीच्या) या नावाने मिळणाऱ्या सायकलींना 622 मिलिमीटर व्यासाची रिम (टायर बसतो ती धातूची कडी), सुमारे 40 मिलिमीटर रुंदीचे टायर, पुढे एकच चेनरिंग (पॅडलजवळचे दातेरी चाक) आणि बहुधा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतात. ही यंत्रे उत्तम असतात, याबद्दल वाद नाही. तरीही खानापूर तालुक्यासाठी मी 26 इंची चाकांची जुनी पोलादी माउंटन बाइक निवडून तिचीच नव्याने बांधणी करून घेतली, कारण शाळकरी मुलांच्या गिअरच्या सायकलींमुळे तिचे टायर, ट्यूब आणि ब्रेकचे रबर तालुक्याच्या गावीही मिळण्याची शक्यता मोठी असते. मात्र टायर घेताना ‘सव्वीस’ एवढेच सांगून भागत नाही. माउंटन बाइकच्या रिमचा व्यास 559 मिलिमीटर असतो, तर 26 × 1⅜ या मापाच्या साध्या सायकलीचा 590. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या कडेला छापलेला आकडा वाचूनच पैसे द्यावेत.

जुनी फ्रेम घेताना रंगाकडे पाहू नये. खालची नळी आणि डोक्याची नळी (हँडलखालची आखूड उभी नळी) जेथे जोडलेली असते तेथे रंग सुरकुतला असेल, तर समोरून धडक बसलेली असण्याचा संभव असतो. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, नळीत गंजून घट्ट बसला असेल, तर ती फ्रेम स्वस्तातही घेऊ नये. स्प्रिंगचा जुना फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) काढून साधा पोलादी फोर्क बसवला की वजन आणि देखभाल दोन्ही कमी होतात; पण नव्या फोर्कची चाकाच्या आसापासून मुकुटापर्यंतची (फोर्कचे दोन पाय वर जुळतात तेथपर्यंतची) लांबी जुन्याच्या जवळपास असली पाहिजे. ती फार कमी झाली तर पुढचा भाग खाली येतो, पॅडल जमिनीच्या जवळ जाते आणि हँडल अस्थिर वाटू लागते. मागच्या चाकाच्या मध्यासाठी, म्हणजे हबसाठी, 135 मिलिमीटर रुंदीचे कॅसेट हब घ्यावे; त्यावर मागच्या दातेरी चाकांचा संच (कॅसेट) सरकवून बसवतात. फ्रीव्हीलच्या, म्हणजे आट्यांवर फिरवून बसवायच्या संचाच्या, हबमध्ये चेनकडील बेअरिंग बरेच आत असते आणि सामान लादून खड्ड्यांतून गेल्यावर आस वाकण्याचा धोका वाढतो.

गिअरच्या बाबतीत मी जुन्या पद्धतीचा आग्रही आहे. पुढे 42-32-22 अशा तीन चेनरिंग आणि मागे 11 ते 32 दातांची आठ गिअरची कॅसेट ठेवली. 50 मिलिमीटरच्या टायरसह 26 इंची चाकाचा परीघ सुमारे 2.07 मीटर भरतो. म्हणजे पुढे 22 आणि मागे 32 दात या जोडीवर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम 1.42 मीटर सरकते आणि मिनिटाला 60 फेरे मारले तरी वेग ताशी पाच किलोमीटरच राहतो. आकडा केविलवाणा वाटतो खरा, पण जांबोटीच्या परिसरातील सुट्या खड्यांच्या चढावर उभे राहून जोर लावला की मागचे चाक जागीच फिरते. तेथे बसून, हळू आणि सलग पॅडल मारणाराच वर पोहोचतो.

येथील जांभ्याचे खडे गोलसर असतात आणि टणक जमिनीवर सुटे पडलेले असतात. टायर कडक फुगवला की वळणावर तो त्यांच्यावरून घसरतो. स्वार आणि सामान मिळून 85 किलो भरत असतील, तर दोन इंची टायरमध्ये मागे 38 आणि पुढे 33 पीएसआयच्या (पंपावरील हवेच्या दाबाचे माप) आसपास हवा मला योग्य वाटली. व्हॉल्व्ह मोटारसायकलीसारखा जाड घ्यावा, म्हणजे रस्त्यावरील कोणत्याही पंक्चरच्या दुकानात हवा भरता येते. बैलहोंगलच्या बाजूची काळी जमीनही याच सायकलीने करायची असेल, तर टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना किमान सहा मिलिमीटर मोकळी जागा हवी. ओली काळी माती चाकाला लपेटून ते जागीच अडकवते.

ब्रेक व्ही प्रकारचे (दोन लांब बाहूंनी रिम दाबणारे) आणि हँडल सरळ ठेवले. ड्रॉप हँडलच्या, म्हणजे शर्यतीच्या सायकलीसारख्या खाली वळलेल्या हँडलच्या, नेहमीच्या लिव्हरने केबल कमी ओढली जाते आणि व्ही-ब्रेक नीट लागत नाहीत. देखण्या हँडलच्या मोहात अनेक जण येथेच फसतात. लाल धूळ रबरात रुतून रिम घासते, म्हणून मुक्कामी ब्रेकचे रबर पुसून त्यातील खडे टोकाने काढावेत.

गावांच्या पाट्या मुख्यतः कन्नडमध्ये असल्या, तरी या वाटेवर मराठीत विचारले की उत्तर मराठीतच मिळते. ऊसतोडीच्या हंगामात पाणंदीवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल पडतात आणि त्या पाचटाखाली झाकल्या जातात, तेथे उतरून चालावे. तालुक्याच्या पश्चिमेस भीमगड अभयारण्य आहे. नकाशावर दिसते म्हणून जंगलातील वाट परवानगीशिवाय धरू नये आणि अंधार पडण्यापूर्वी मोठ्या गावात पोहोचावे. गवे आणि अस्वले या भागात आहेत.

नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. 1831 साली त्याला येथेच फाशी दिले गेले. हलशी ही कदंब राजघराण्याच्या काळातील पलाशिका नगरी. तेथील भूवराह नरसिंह मंदिरासाठी निवांत वेळ राखून ठेवावा. परतताना खानापूर ते बेळगाव हे सुमारे 26 किलोमीटर महामार्गानेच यावे लागले. तेथे 42 दातांच्या चेनरिंगचा उपयोग होतो, आणि मागे लाल दिवा दिवसाही सुरू ठेवावा.