गळती

नाशिकच्या सिडकोत मी कराटेचा क्लास सुरू केला तो २०१२ मध्ये, एका देवळाच्या सभामंडपात. तेव्हा अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. पहिली पाळी संपवून घरी यायचं, अंघोळ करायची आणि साडेपाचला गणवेश चढवून हजर. ९ मुलं, महिना २०० रुपये फी. त्यातली निम्मी यायची, कारण मला ती मागताच यायची नाही. आकडे मोजताना माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, आणि एखाद्या आईसमोर ‘ताई, या महिन्याची...’ एवढं म्हणताना तोच आवाज घशात अडकायचा. गुरूने पैसे मागणं म्हणजे काहीतरी कमीपणा, असं डोक्यात पक्कं बसलेलं.

२०१५ मध्ये नोकरी सोडली. बायको एका पतसंस्थेत कामाला. तिने विचारलं, “महिन्याला किती येतात?” मी छाती फुगवून म्हटलं, “साठ मुलं.” ती म्हणाली, “मी पैसे विचारले.”

पहिल्या मजल्यावरचा, वर थेट गच्ची असलेला गाळा घेतला. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, आणि एकमेकांत अडकणाऱ्या एक मीटर बाय एक मीटरच्या पन्नासेक मॅट. जाडी २५ मिलिमीटर. याहून पातळ घेऊ नका, पडण्याचा सराव करताना मुलांच्या कोपरांना फरशी लागते. पावसाळ्यात एका कोपऱ्यात गळायचं, तिथल्या चार मॅट उचलून बादली ठेवायचो. कागदपत्रांची मला उगाच धास्ती होती. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर शॉप अ‍ॅक्टसाठी ऑनलाइन सूचना पुरते, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीचा प्रश्न येत नाही. माझं दुखणं तिथे नव्हतंच.

दुखणं सापडलं २०१७ मध्ये. मला वाटत होतं, जाहिरात कमी पडते. पत्रकं छापली, रिक्षांमागे बोर्ड लावले, मे महिन्यात शिबिर घेतलं. शिबिराला झुंबड, जुलैत मॅट रिकाम्या. एका रविवारी बायको जुन्या हजेरीवह्या घेऊन बसली. दोन वर्षांत १४० प्रवेश झाले होते आणि त्यांतले ३८ उरले होते. ती म्हणाली, “नळ जोरात सोडून काय उपयोग? भांडंच गळतंय.” पतसंस्थेत थकीत कर्जदार बघून बघून तिची नजर तयार झालेली.

मग आम्ही प्रत्येक मूल कधी गेलं ते लिहून काढलं. दोन ठिकाणी ढीग पडले. पहिला ढीग पहिल्या तीन महिन्यांतला, पिवळा पट्टा मिळायच्या आधीचा. ही मुलं मागच्या रांगेत उभी असायची. मी पुढच्या रंगीत पट्ट्यांकडे बघायचो आणि मागे तासभर एकच ठोसा चालायचा. नाव विचारलं तर मलाही सांगता आलं नसतं. दुसरा ढीग हिरव्या पट्ट्यानंतरचा, साधारण आठवीतला. त्याचं कारण ट्यूशन.

नवीन मुलांची बॅच वेगळी केली, १५ च्या वर नाही. पहिल्याच आठवड्यात पडायचं कसं ते शिकवायचं, कारण मुलांना त्यातच मजा येते. दोन दिवस सलग गैरहजर राहिलं की तिसऱ्या दिवशी फोन. त्या फोनवर फीचं नाव काढायचं नाही, हा बायकोचा नियम. एक आई म्हणाली होती, “सर, आम्हाला वाटलं तुमच्या लक्षातही नसेल.” खरं सांगायचं तर नसायचंच, वहीत असायचं. मोठ्या मुलांसाठी सकाळी सहाची बॅच काढली आणि रविवारी दोन तास. आठवीतली सगळी थांबली नाहीत, पण निम्मी थांबली आणि पुढे तीच माझे हात झाली.

फीचा गुंता सुटला तो अगदी साध्या गोष्टीने. सिडकोतले बरेच पालक अंबड-सातपूरच्या कंपन्यांत आहेत आणि पगार ७ ते १० तारखेच्या दरम्यान होतो. मी मात्र १ तारखेला तोंड बारीक करून बसायचो. आता मुदत १२ तारीख, भिंतीवर क्यूआर कोड, आणि आठवणीचा मेसेज बायकोच्या नंबरवरून जातो. तीन महिन्यांची फी एकदम भरली तर थोडी सवलत. ज्याला जमत नाही त्याच्याशी मी स्वतः बोलतो, चारचौघांत नाही.

पट्ट्यांच्या परीक्षेबद्दल मात्र मोकळेपणाने लिहायला हवं, कारण या धंद्यातला खरा मोह तिथेच आहे. मी ज्या संघटनेत होतो तिथल्या वरिष्ठांनी सांगितलं होतं, दर तीन महिन्यांनी परीक्षा घे आणि कोणालाही नापास करू नकोस. परीक्षा फीतला काही भाग त्यांच्याकडे जायचा, बाकी माझा. वर्षभर मी तेच केलं. पैसे छान आले. मग एका स्पर्धेत माझा निळ्या पट्ट्याचा एक विद्यार्थी ‘हियान निदान’ या काताच्या, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमाच्या, मध्यात विसरून उभा राहिला. दुसरा काता, जो त्याने कधीच पार करायला हवा होता. त्याचे वडील फिटर. परतताना पार्किंगमध्ये गाडीला किक मारता मारता एवढंच म्हणाले, “सर, आमच्याकडे तपासणीत नापास झालेला पीस पुढे जात नाही.” आणि क्वालिटीला मी होतो!

रंगीत पट्टे म्हणजे काही प्राचीन परंपरा नाही. ही पद्धत ज्युडोकडून आली. आधुनिक कराटेचे जनक मानले जाणाऱ्या फुनाकोशींनी कराटेतले पहिले ब्लॅक बेल्ट दिले ते १९२४ मध्ये. पण मुलाच्या कमरेला बांधल्यावर तो पट्टा त्याच्यासाठी खराच असतो.

पुढच्या परीक्षेत ३० पैकी ११ नापास केले. ७ जणांनी क्लास सोडला, संघटनेशीही बिनसलं. तो तिमाही हिशेब अजून आठवतो. मग एक पद्धत बसवली: नापास झालेल्याला महिन्याने पुन्हा संधी, फी न घेता, आणि काय चुकलं ते कागदावर लिहून. परीक्षा वर्षातून दोनच. आता नापास झालेलं मूल रडतं, पण सोडून जात नाही.

लॉकडाऊनमध्ये मुलं ओट्यासमोर लाथा मारत होती आणि मागून कुकरच्या शिट्ट्या. निम्मी गेली, गाळेमालकाने चार महिने थांबून घेतलं म्हणून तगलो. २०२२ मध्ये पाथर्डी फाट्यावर दुसरी शाखा काढली आणि तिथे तोंडघशी पडलो. माझ्याच हाताखाली वाढलेल्या मुलाला शिकवायला ठेवलं, तुटपुंज्या मानधनावर. दीड वर्षात त्याने रस्त्यापलीकडे स्वतःचा क्लास काढला, वीस मुलं घेऊन. महिनाभर मी त्याला शिव्या घातल्या. नंतर त्याला देत होतो ती रक्कम कागदावर लिहून बघितली आणि गप्प बसलो. आता तिथे शिकवणाऱ्या मुलीला पगार आहे आणि शाखेच्या उत्पन्नात हिस्साही. तिच्यामुळे मुलींची संख्या वाढली. माझ्याकडे यायला ज्या आया कचरायच्या त्या तिच्याकडे बिनधास्त येतात.

‘ऑलिम्पिकमध्ये आहे का?’ हा प्रश्न दर प्रवेशाला ठरलेला. टोकियोला होतं, पॅरिसला नव्हतं, असं सरळ सांगतो. दोघातिघांनी मुलं तायक्वांदोला घातली. घालू देत.

गेल्या पावसात पुन्हा तो कोपरा गळायला लागला. मी मॅट उचलत होतो तेवढ्यात बायकोने वहीतून मान वर न करता तीन नावं वाचली. बादली सरकवली आणि फोन लावला. पहिल्याने उचलला नाही. दुसऱ्याची आजी होती, म्हणाली, “ताप आलाय हो त्याला, पण पट्टा उशाशी घेऊन झोपलाय.” तिसऱ्याला उद्या पुन्हा लावायचाय.