लहान शिकार, हलका बार

ठासणीची बंदूक म्हटली की दणका, धूर आणि खांद्याला बसणारा धक्का डोळ्यांपुढे येतो. ससा, खार किंवा कबुतरासाठी यातलं काहीच लागत नाही. इथे लागतो हलका बार, आणि तो दर वेळी तंतोतंत सारखा भरलेला. नेम चुकण्याची बहुतेक कारणं डोळ्यात नसतात, बार भरण्यात असतात.

आधी नळी. आटे, म्हणजे आतून पिळदार खाचा, असलेल्या नळीत .32 आणि .36 ही लहान शिकारीची खरी कॅलिबरं, म्हणजे नळीच्या भोकाचे इंचातले व्यास. .32 मध्ये .310 इंचाची गोल शिशाची गोळी बसते आणि तिचं वजन जेमतेम 45 ग्रेन, म्हणजे 3 ग्रॅमच्या आत असतं. .36 मधली .350 ची गोळी 65 ग्रेनच्या आसपास भरते. .50 च्या बंदुकीतली गोळी याच्या जवळजवळ तिप्पट जड असते. सशाला ती लागली तर खायला फारसं काही उरत नाही. शिसं मऊ आणि शुद्धच हवं, कारण कडक मिश्रधातूच्या गोळीत तिच्याभोवती गुंडाळलेली कापडी चिंधी नीट रुतत नाही.

.32 साठी तीन एफची काळी दारू 15 ते 25 ग्रेन पुरते, .36 साठी 20 ते 30. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक आणि जळण्याचा वेग जास्त, हे लक्षात ठेवावं. 20 ग्रेन म्हणजे 1.3 ग्रॅम, त्यामुळे अर्ध्या किलो दारूत पावणेचारशेच्या वर बार निघतात. सुरुवात 15 ग्रेनपासून करावी, 25 मीटरवर टेकू घेऊन पाच-पाच बार काढावेत आणि दोन-दोन ग्रेन वाढवत जावं. गोळ्या जिथे सगळ्यात जवळजवळ पडतात तिथे थांबावं. त्यापुढे दारू वाढवली की धूर आणि काजळी वाढते, नेम मात्र फुटतो. बिनधुराची आधुनिक दारू या नळीत चिमूटभरही घालू नये. तिचा दाब काळ्या दारूच्या कितीतरी पट चढतो आणि नळी फुटते.

आता बार भरण्याचा क्रम. नळी रिकामी आहे हे गज, म्हणजे गोळी ठासायची काठी, घालून पाहावं. गजावर दोन खुणा असाव्यात, एक रिकाम्या नळीची आणि एक आपल्या ठरलेल्या बाराची. या खुणांइतकी स्वस्त सुरक्षा दुसरी नाही. टोपीच्या बंदुकीत, म्हणजे लहान स्फोटक टोपीने बार पेटतो तिच्यात, आधी नुसती टोपी उडवावी आणि नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरावं. पातं हललं तर निपलपासून, म्हणजे टोपी बसते त्या पोकळ खुंटीपासून, बुडापर्यंतची वाट मोकळी आहे. मग दारू मापात घ्यावी आणि मापातून नळीत ओतावी. दारू साठवायच्या शिंगातून थेट नळीत कधीच ओतू नये. आधीच्या बाराची एखादी ठिणगी बुडाशी जिवंत असली तर अख्खं शिंग हातात पेट घेतं. त्याच कारणाने दोन बारांमध्ये मिनिटभर थांबावं आणि भरताना तोंड चेहऱ्यापासून दूर ठेवावं.

दारूवर चिंधी आणि गोळी. चिंधी घट्ट विणीच्या सुती कापडाची, 0.015 इंच जाडीची. कृत्रिम धागा असेल तर तो वितळून नळीला चिकटतो. गोळी .310, दोन्ही बाजूंना मिळून कापड .030, म्हणजे .340 झाले आणि नळी आहे .320 ची. हे जास्तीचं कापड आट्यांच्या खाचांमध्ये दबून बसतं, तेच गोळीला पीळ देतं आणि वायू अडवतं. चिंधीला मधमाशीचं मेण आणि जनावराची चरबी लावावी. खनिज तेल काजळीत मिसळलं की डांबरासारखा चिकट थर होतो. थुंकीने ओली केलेली चिंधी निशाण्याच्या सरावाला उत्तम, पण शिकारीत बार तासन्‌तास भरलेला राहतो. तेवढ्या वेळात थुंकी वाळते, दारू ओलसर होते आणि नळीला गंज धरतो. चरबीही बेताचीच लावावी, नाहीतर ती दारूत उतरते.

गोळी खाली नेताना लहान कॅलिबरचे गज मोडतात. .32 चा लाकडी गज जेमतेम 7 मिलिमीटर जाड असतो. नळीच्या तोंडापासून वीतभर वरच धरून थोडा थोडा ढकलावा. लांबून धरून जोर लावला की तो वाकतो, तिरपा चिरतो आणि टोक तळहातात घुसतं. गजाच्या लाकडाची रेघ टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेली आहे का, हे विकत घेतानाच पाहावं. गोळी दारूवर ठाम टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळीला तिथेच फुगवटा येतो आणि ती कायमची वाया जाते. पण गज वर उचलून गोळीवर आपटूही नये. त्याने गोळी चपटते, दारूचा चुरा होतो आणि प्रत्येक बार वेगळा लागतो. टोपी किंवा रंजक (चकमकीच्या बंदुकीत बार पेटवणारी बारीक दारू) अगदी शेवटी, तोंड सुरक्षित दिशेला केल्यावरच.

उडालेली चिंधी पाच-दहा मीटर पुढे पडते, ती शोधून आणावी. ती वाचता आली की बंदूक काय सांगते आहे ते कळतं. कडा झिरमिळलेल्या, मधोमध काळा गोल डाग आणि बाकी शाबूत, तर सगळं ठीक. मध्ये जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा चरबी कमी पडली. आट्यांच्या रेषेत चिरा असतील तर नळीच्या तोंडाशी धार आहे.

चकमकीच्या बंदुकीत रंजकाचा मोह आवरावा लागतो. रंजकदान काठोकाठ भरलं आणि दारू कानात, म्हणजे नळीत जाणाऱ्या छिद्रात, शिरली तर ती वातीसारखी जळत आत जाते. तो क्षणभराचा उशीर सशाला पुरेसा असतो. चार एफची थोडीशी रंजक कानापासून जरा दूर सारून ठेवावी. बार तिच्या भडक्याने पेटायला हवा. गारगोटीची धार बोथट झाली की ठिणगी विझट पडते. दमट हवेत रंजक पाणी ओढते, तेव्हा ती वरचेवर बदलावी आणि चकमकीवर चरबी लावलेलं कातडं बांधावं.

छऱ्याच्या बंदुकीचं गणित सोपं आहे. दारू आणि छर्रे एकाच मापाने, घनफळात सारखे. 12 बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा लहान तितकी नळी रुंद) दोन एफची 70 ग्रेन दारू, आणि त्याच मापाचे छर्रे साधारण एक औंस, म्हणजे 28 ग्रॅम. 20 बोअरला 60 ग्रेन. दारूवर 3 मिलिमीटर जाड पुठ्ठ्याचा डाट, त्यावर चरबीत भिजवलेला लोकरीचा डाट, मग छर्रे आणि वर पातळ पुठ्ठ्याची चकती. दारू वाढवली की छऱ्यांच्या मधोमध भोक पडतं. कडेला सगळं आणि मध्ये काही नाही, त्यात कबुतर सहज निसटतं. लांब मारायचं असेल तर छर्रे वाढवावेत, दारू घटवावी. जुन्या मऊ नळीत पोलादी छर्रे घालू नयेत. 25 मीटरवर 75 सेंटिमीटरच्या वर्तुळात छर्रे कसे पसरतात ते कागदावर पाहूनच अंतर ठरवावं. तोंड न आवळलेल्या नळीत त्यापलीकडे जनावर जखमी होऊन पळतं, आणि ते कुठल्याही शिकाऱ्याला शोभत नाही. दुनळीत एक बार उडाला की दुसऱ्या नळीची टोपी आधी काढावी, मगच भरायला घ्यावं. धक्क्याने दुसऱ्या नळीतले छर्रे पुढे सरकतात, म्हणून गजाने तेही तपासावेत.

चाप ओढला आणि बार उडाला नाही तर नळी निशाण्याकडेच धरून पूर्ण मिनिटभर थांबावं. बार उशिरा उडू शकतो. दारू घालायलाच विसरून गोळी ठासली गेली असेल, तर निपल काढून त्या वाटेने थोडे दाणे आत सरकवावेत, निपल परत बसवावं, गजाने गोळी खाली टेकवावी आणि बार काढावा.

काळ्या दारूच्या राखेत क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढतात आणि रातोरात गंज आणतात. म्हणून साफसफाई त्याच दिवशी करावी. नळी सुटी करून बूड कोमट पाण्यात ठेवावं आणि गजाला चिंधी लावून पाणी वरखाली ओढावं. थेंबभर साबण पुरे. उकळतं पाणी टाळावं, कारण तापलेली नळी वाळता वाळताच तांबूस होते. कोरड्या चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत पुसाव्यात, मग पातळ तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवावी. ती तांबूस निघाली तर सगळं पहिल्यापासून. पुढच्या शिकारीआधी हे तेल पुसून काढायला विसरू नये, कारण सकाळचा पहिला बार फुसका जातो तो बहुतेक वेळा त्यानेच.