मॅपमध्ये पार्सइंट दिलं की वजनं का बिघडतात: उलगडा झाला

मंडळी, जावास्क्रिप्ट शिकताना सरावाला घेतलेला कांद्याच्या गोण्यांचा हिशोब जुळला. एका चिठ्ठीवर चौदा गोण्या, एकूण ६९९ किलो, आणि कन्सोलवरही (कोडचं उत्तर दिसतं ती खिडकी) ६९९. आप्पांनी तोंडी केलेली बेरीज आणि रिड्यूसने (अख्ख्या यादीचं एकच उत्तर काढणारं फंक्शन) केलेली बेरीज एकच निघाली, तेव्हा लॅपटॉप उचलून घरात सगळ्यांना दाखवून आलो.

मागच्या नोंदीत फिल्टरपर्यंतचे (यादीतलं हवं तेवढंच ठेवणारं फंक्शन) धडे झाले होते आणि सरावाला आप्पांच्या कांद्याच्या चिठ्ठ्या घ्यायचं ठरलं होतं. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: चुलते, म्हणजे आप्पा, वडाळ्याहून सोलापूरच्या हैदराबाद रोडवरच्या मार्केट यार्डात कांदा आणतात. काट्यावर गोणीगणिक वजन लिहिलं जातं आणि चुलतभाऊ ते आकडे मोबाइलवर मराठी कीबोर्डने टाइप करून मला पाठवतो. एका ओळीत एक चिठ्ठी, दोन आकड्यांमध्ये एक स्पेस. व्हिडिओंमधली तयार उदाहरणं, म्हणजे प्राण्यांची नावं नाहीतर कामांची यादी, मला पुरत नाहीत. त्यात उत्तर काहीही आलं तरी कुणाचं अडत नाही. इथे बेरीज हलली की आप्पांचा फोन येतो.

खाली कोडही देवनागरीत लिहितोय. एडिटरमध्ये मॅप (यादीतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवून नवी यादी देणारं), रिड्यूस वगैरे अर्थातच रोमनमध्ये लागतात, पण व्हेरिएबलची नावं मी खरोखर मराठीत ठेवली आहेत. जावास्क्रिप्टला ती चालतात आणि मला वाचायला फार सोपी जातात. फक्त कीबोर्ड जपून निवडा. काही मराठी कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारं जोडचिन्ह घालतात, आणि जावास्क्रिप्टच्या लेखी ते चिन्ह नावाचाच भाग असतं. मग डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावं वेगळी ठरतात आणि ‘हे नाव माहीत नाही’ असा एरर येतो.

पहिला अडथळा लवकर सुटला. स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराची, संख्या करून देणाऱ्या नंबर आणि पार्सइंट या दोघांनाही देवनागरी अंक कळत नाहीत. ‘५२’ दिलं की नॅन, म्हणजे ‘ही संख्या नाही’. मजकुरात नमुना शोधणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला बॅकस्लॅश-डीसुद्धा फक्त इंग्रजी अंक ओळखतो. युनिकोडमध्ये आपल्या शून्याचा क्रमांक २४०६ आणि नऊचा २४१५. तेव्हा प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की काम झालं:

इंग्रजीअंक = चिठ्ठी => चिठ्ठी.रिप्लेस(/[०-९]/जी, अ => अ.चारकोडअ‍ॅट(०) - २४०६)

यातली गंमत बघा. रिप्लेसला दुसरं आर्ग्युमेंट (फंक्शनला पुरवायची गोष्ट) म्हणून आपण फंक्शन दिलंय. म्हणजे हायर-ऑर्डर फंक्शन (फंक्शन घेणारी किंवा परत देणारी) फक्त अ‍ॅरेकडेच, म्हणजे यादीकडेच, असतात असं नाही, स्ट्रिंगकडेही आहे. मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत हे आलं नव्हतं. स्वतःच्या कामासाठी शोधताना सापडलं, म्हणून जास्त आवडलं.

आता खरी डोकेदुखी. अंक बदलून झाले, स्प्लिटने तुकडे पडले, आणि धड्यात दाखवतात तसं थेट फंक्शनचं नाव दिलं:

वजनं = तुकडे.मॅप(पार्सइंट)

चिठ्ठीवर होतं: ५२ ४९ ५१ ५० ४८ ४७ ५० ५२ ५० ४८ ५१ ५० ४९ ५२.

कन्सोलवर आलं: ५२, नॅन, नॅन, नॅन, नॅन, ४, ३०, ३७, ४०, ४४, ५१, ५५, ५७, ६७.

ही ओळ कितीतरी वेळ बघत बसलो. पहिली गोणी बरोबर. मग चार गायब. मग चार किलोची एक गोणी. पुढे वजन हळूहळू वाढत जातं, अकरावी गोणी अचानक अगदी बरोबर येते आणि शेवटची ६७ किलोवर पोचते. सगळे नॅन आले असते तर अंक बदलण्यात गडबड आहे असं म्हणता आलं असतं. पण यात एक चाल दिसत होती. आकडे कुठल्यातरी नियमाने बिघडत होते.

‘नॅन आलेत तर फिल्टरने काढून टाक’ असा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, असं करू नका. नॅन काढून उरलेल्यांची बेरीज ४३७ किलो येते. चारशे सदतीस हा आकडा चांगला खरा वाटतो, कुणी संशयही घेणार नाही, आणि खरं वजन ६९९. २६२ किलो कांदा कागदावरून उडून जातो. नॅनची गोष्ट चांगली ही की एकदा बेरजेत शिरला की शेवटपर्यंत नॅनच राहतो आणि काहीतरी बिघडलंय हे ओरडून सांगतो. त्याला गप्प करण्याआधी तो कुठून आला ते बघायचं.

उलगडा एका साध्या ओळीने झाला. पार्सइंट काढून त्या जागी, मिळेल ते सगळं छापणारं फंक्शन ठेवलं:

तुकडे.मॅप((...आलेलं) => कन्सोल.लॉग(आलेलं))

कन्सोलवर दर ओळीला तीन गोष्टी होत्या: ‘५२’, ०, आणि अख्खा अ‍ॅरे. मग ‘४९’, १, अख्खा अ‍ॅरे. मॅप कॉलबॅकला (त्याच्या हाती दिलेल्या फंक्शनला) एक गोष्ट देत नाही, तीन देतो: घटक, त्याचा इंडेक्स (शून्यापासून मोजलेला क्रमांक) आणि ज्यावर मॅप चाललाय तो अ‍ॅरे. आपण अ‍ॅरो फंक्शनमध्ये एकच नाव लिहितो तेव्हा बाकीच्या दोन गोष्टी जावास्क्रिप्ट निमूटपणे सोडून देतं, म्हणून त्या आहेत हे जाणवतच नाही.

पार्सइंट मात्र दोन गोष्टी घेतं. पहिली स्ट्रिंग, दुसरी संख्येचा पाया: दशमान, द्विमान वगैरे. मॅपने दिलेला इंडेक्स त्या पायाच्या जागी जाऊन बसला! पाया शून्य म्हणजे ‘दिलेलाच नाही’, म्हणून पहिली गोणी दशमानात वाचली गेली: ५२. पाया एक चालतच नाही, म्हणून नॅन. पाया दोन, तीन, चार यांत ४ आणि ५ हे अंकच नसतात, म्हणून नॅन. सहाव्या गोणीला पाया पाच आला. ४७ मधला ४ त्यात बसतो, ७ बसत नाही, आणि पार्सइंट न बसणाऱ्या अंकापाशी थांबून तोवरचं परत देतं. चार किलोची गोणी ती हीच. सातवीला पाया सहा: पाच सक तीस अधिक शून्य, ३०. अकराव्या गोणीचा इंडेक्स १० आणि पायाही १०, म्हणून तेवढी एक सुखरूप. शेवटच्या गोणीला पाया तेरा: पाच तेरे पासष्ट आणि दोन, ६७.

वही काढून चौदाच्या चौदा हाताने मांडले. सगळे जुळले. या विषयात आजवर इतका आनंद झाला नव्हता.

पायाची मर्यादा ३६ आहे (दहा अंक आणि इंग्रजी सव्वीस अक्षरं). म्हणजे लांब चिठ्ठी असती तर सदतिसावी ५० किलोची गोणी १८० किलोची दिसली असती आणि अडतिसाव्यापासून पुढे पुन्हा सगळे नॅन.

कॉलबॅकला काय मिळणार हे कॉलबॅक ठरवत नाही, त्याला बोलावणारा ठरवतो. पार्सइंट जावास्क्रिप्टच्या १९९७ च्या पहिल्या प्रमाण आवृत्तीत आहे, मॅप, फिल्टर, रिड्यूस आले २००९ च्या ईएस-५ या आवृत्तीत. दोघांची आर्ग्युमेंटं एकमेकांचा विचार करून ठरलेली नाहीत. म्हणून व्हिडिओ बघून झाला की एमडीएनवर (जावास्क्रिप्टची माहिती देणारी संदर्भ साइट) त्या मेथडचं पान उघडून कॉलबॅकला काय काय मिळतं ती यादी वाचायचीच, असं माझं पक्कं मत झालंय. व्हिडिओत कल्पना छान उलगडते, हिंदीतल्या मालिकांमध्ये तर फारच सुंदर, पण उदाहरणातला कॉलबॅक कायम एकाच आर्ग्युमेंटचा असतो. मी बघतोय त्या इंग्रजी मालिकेत तर इंडेक्सचा उल्लेख एका वाक्यात उरकलाय.

उपाय दोन सापडले. पहिला सरळ: मॅपला नंबर द्यायचं. नंबर फक्त पहिलं आर्ग्युमेंट बघतं, शिवाय ४९.५ मधला अर्धा किलो पार्सइंटसारखा टाकून देत नाही. एकच खबरदारी, रिकाम्या स्ट्रिंगचं ते शून्य करतं. चुलतभावाकडून ओळीच्या शेवटी जास्तीची स्पेस राहिली की शून्य किलोची गोणी तयार होते. त्यावर फिल्टर(बूलियन) हा छोटा उतारा मिळाला. नंबरआधी लावला की रिकामे तुकडे गळून जातात.

दुसरा उपाय माझा लाडका:

एकच = फ => क्ष => फ(क्ष)

कुठलंही फंक्शन द्या, त्याला एकच आर्ग्युमेंट पोचवणारं नवं फंक्शन हातात येतं. तुकडे.मॅप(एकच(पार्सइंट)) लिहिलं आणि गोण्या रांगेत आल्या. फंक्शन घेऊन फंक्शन परत देणारं हे मी स्वतः लिहिलेलं पहिलं फंक्शन. भाषेत ही ताकद मुळापासून आहे. १९९५ साली ब्रेंडन आयकने जावास्क्रिप्ट रचली तेव्हा त्याच्यासमोर स्कीम ही भाषा होती आणि तिच्यात फंक्शन ही आकड्यासारखीच हातात देता येण्याजोगी वस्तू असते. हे मागेच वाचलं होतं, पण लक्षात आलं ते ही ओळ लिहिताना.

यानंतर प्रॉमिसचे (ज्यांचं उत्तर नंतर येतं अशा कामांचे) धडे सुरू करायचे होते. ते थांबवले, कारण ‘एकच’ चाललं म्हटल्यावर राहवेना:

ओळीने = (...कामं) => क्ष => कामं.रिड्यूस((आलेलं, काम) => काम(आलेलं), क्ष)

एकूणवजन = ओळीने(इंग्रजीअंक, तुकडेकरा, आकडेकरा, बेरीज)

फंक्शनांचाच अ‍ॅरे आणि त्यावर रिड्यूस! रिड्यूस म्हणजे बेरीज एवढंच डोक्यात बसलं होतं, ते इथे सुटलं. चिठ्ठ्या.मॅप(एकूणवजन) बिनधास्त लिहिता येतं, कारण एकूणवजन फक्त क्ष घेतं. इंडेक्स आला तरी आत शिरायला जागा नाही. बेरीजमधल्या रिड्यूसला सुरुवातीचं शून्य द्यायला विसरू नका. ते नसेल तर रिकाम्या चिठ्ठीवर टाइपएरर येतो. शेवटी टूलोकेलस्ट्रिंगला मराठीचं लोकेल (भाषेचा संकेत) दिलं की आकडे पुन्हा देवनागरीत आणि लाखाच्या स्वल्पविरामासकट येतात. आप्पांना तसंच पाठवतो.

पुढे दरांची क्रमवारी लावायची होती. सॉर्टला कॉलबॅक न देता चालवलं की ते आकड्यांनाही स्ट्रिंग समजतं आणि १६५०, २२००, ९५० असा क्रम लावतं. (अ, ब) => अ - ब दिलं, झालं.

त्यापेक्षा मोठी गोष्ट आज सकाळी आली. चुलतभावाने टाइप करायचा कंटाळा करून नवी पद्धत काढलीय: ‘५०×१२ ४९ ५१’, म्हणजे पन्नास किलोच्या बारा गोण्या आणि दोन सुट्या. मॅप इथे कमी पडतो, तो एका तुकड्याला एकच जागा देतो. इथे एका तुकड्याच्या बारा गोण्या व्हायच्या आहेत. त्यासाठी २०१९ मध्ये आलेला फ्लॅटमॅप आहे. त्याचा धडा मालिकेत बराच पुढे आहे, पण हे लिहिता लिहिताच एमडीएनवर वाचून काढला. आकडेकरा आता असं होईल:

आकडेकरा = तुकडे => तुकडे.फ्लॅटमॅप(त => { कॉन्स्ट [किलो, गोण्या = १] = त.स्प्लिट('×').मॅप(नंबर); रिटर्न अ‍ॅरे(गोण्या).फिल(किलो) })

फिल मुद्दाम वापरलंय. नुसत्या अ‍ॅरे(१२) मध्ये बारा मोकळ्या जागा असतात आणि मॅप त्यांच्यावर कॉलबॅक चालवतच नाही. महिरपी कंस आले की रिटर्नही स्वतः लिहावं लागतं, नाहीतर हाती अनडिफाइन्ड येतं, म्हणजे काहीच नाही. या चिठ्ठीचं उत्तर ७०० किलो यायला हवं. ते आलं की बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या यातून काढतो आणि मग व्यापाऱ्यागणिक गट पाडायला ऑब्जेक्टचं ग्रुपबाय घेतो. प्रॉमिस त्यानंतर.