भिंतीलगतचे स्पीकर : फोंड्याच्या घरात एआर-३ए मांडताना

एआर-३ए हे स्पीकर अमेरिकेतील अकूस्टिक रिसर्च या कंपनीने १९६७ साली बाजारात आणले. माझ्याकडची जोडी काकांनी कुवेतमधील नोकरीच्या काळात, सत्तरच्या दशकाच्या आरंभी घेतली आणि पुढे मुंबईमार्गे गोव्याच्या फोंडा तालुक्यातील आमच्या मूळ घरी आणली. त्यांच्या पश्चात बरीच वर्षे ती माळ्यावर चादरीत गुंडाळून पडून होती. गेल्या दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, ती खाली उतरवून दुरुस्त करण्याचे आणि वसरीलगतच्या (ओसरीलगतच्या) मोठ्या खोलीत नीट मांडण्याचे काम मी हाती घेतले. दुरुस्तीविषयी लिहिलेले पुष्कळ सापडते. मात्र जुने स्पीकर खोलीत कुठे ठेवावेत, याविषयी आज जे नियम सांगितले जातात ते बहुतेक आजच्या स्पीकरांसाठी आहेत आणि या जोडीला ते लागू पडत नाहीत, असे माझे मत झाले आहे. म्हणून हा अनुभव थोडा सविस्तर लिहीत आहे.

आधी पेटीविषयी. एडगर विलचर यांनी १९५४ साली ही कंपनी स्थापन केली ती एका कल्पनेच्या बळावर. तोपर्यंत खोल खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी लागे, कारण वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा, शंकू त्याच्या स्वतःच्या ताठ निलंबनामुळे (त्याला धरून ठेवणाऱ्या कडेमुळे) जागेवर परत येत असे. विलचर यांनी हे निलंबन अगदी सैल केले आणि पेटी हवाबंद केली. शंकू आत गेला की कोंडलेली हवा दाबली जाते आणि तीच त्याला बाहेर ढकलते, म्हणजे स्प्रिंगचे काम हवा करते. एआर-३एमध्ये बारा इंची वूफर, मधल्या सुरांसाठी दीड इंची घुमटाकार मिडरेंज आणि वरच्या सुरांसाठी पाऊण इंची घुमटाकार ट्वीटर आहे. पेटीची उंची जेमतेम दोन फूट एक इंच आणि वजन मात्र सुमारे २४ किलो. हवाबंद पेटी आणि सैल शंकू या दोनच गोष्टी ध्यानात ठेवल्या, तर पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुचत जातात.

पहिल्यांदा तारा जोडल्या तेव्हा एका पेटीतून फक्त वूफर वाजत होता. अशा वेळी ट्वीटर जळाला असे समजून तो काढायची घाई करू नये. या स्पीकरांच्या मागे मिडरेंज आणि ट्वीटर यांची पातळी कमीजास्त करण्यासाठी दोन फिरते नियंत्रक असतात आणि त्यांच्या आतील धातूच्या पट्ट्या कालांतराने गंजतात. गोव्यासारख्या खाऱ्या, दमट हवेत तर त्या गंजणारच. मी दोन्ही नियंत्रक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिलो, तेव्हा खरखर होत होत मिडरेंज जिवंत झाला आणि थोड्या वेळाने ट्वीटरही. नंतर वूफर उतरवल्यावर नियंत्रक उघडून बारीक पॉलिश कागदाने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ केले. घुमटाकार ड्रायव्हरांना (मिडरेंज आणि ट्वीटर यांना) मात्र बोटही लावू नये, कारण त्यांच्या तारा केसासारख्या बारीक असतात आणि मूळ बनावटीचा बदली भाग मिळणे जवळजवळ अशक्य असते.

वूफरच्या कडेचा फोम अपेक्षेप्रमाणे भुगा झालेला होता. आरंभीच्या वूफरना कापडी कड असे. नंतर फोम आला आणि फोम कोरड्या देशांतही काही वर्षांनी कुजतोच. मडगावच्या एका अनुभवी कारागिराकडे दोन्ही वूफर घेऊन गेलो. त्याने ते पाहून सरळ सल्ला दिला, ‘‘बाब, रबराची कड घालूया. आपल्या पावसात फोम टिकणार नाही, रबर तुम्हाला जन्मभर पुरेल.’’ व्यवहार म्हणून सल्ला अगदी योग्य होता, पण रबराची कड फोमपेक्षा ताठ आणि जड असते. निलंबन ताठ झाले की शंकूची अनुनाद-वारंवारता (तो ज्या सुराला सर्वांत सहज डोलतो तो सूर) वर चढते आणि हवेऐवजी पुन्हा कडच स्प्रिंग होऊन बसते. विलचर यांनी जे टाळले होते तेच आपण परत आणायचे, याला अर्थ नव्हता. या वूफरसाठी बनवलेली मऊ फोमची कड बाहेरून मागवली आणि ती मात्र त्याच कारागिराकडून बसवून घेतली. त्याचा हात फार चांगला आहे. मधली टोपी काढून, व्हॉइस कॉइलभोवती (शंकूमागच्या तारेच्या वेटोळ्याभोवती) कागदाच्या पट्ट्या घालून त्याने शंकू मध्यावर धरला, गोंद वाळल्यावर पट्ट्या काढल्या आणि ३० हर्ट्झचा सूर हळू आवाजात वाजवून कुठे घासण्याचा आवाज येत नाही ना, हे ऐकून दाखवले.

क्रॉसओव्हरचे, म्हणजे खर्ज, मधले आणि वरचे सूर ज्याच्या त्याच्याकडे वाटून देणाऱ्या जोडणीचे, काम मी घरी केले. त्यात ६, ५० आणि १५० मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर असतात आणि इतक्या वर्षांनी त्यांची मूल्ये भरकटलेली असतात. सगळीकडे महागडे फिल्म कॅपॅसिटर घालण्याची हौस मी आवरली. ट्वीटरचा ६ मायक्रोफॅरडचा तेवढा फिल्मचा घातला, मोठे दोन मात्र मुळाप्रमाणे अध्रुवीय इलेक्ट्रोलिटिक ठेवले, कारण कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध हाही मूळ आराखड्यात गृहीत धरलेला असू शकतो. आतील काचतंतूची लोकर हातमोजे आणि मास्क घालूनच काढावी आणि जेवढी निघाली तेवढीच परत भरावी. ती खर्जाच्या जडणघडणीचा भाग आहे. वूफर परत बसवल्यावर शंकू चारही बोटांनी अलगद आत दाबून सोडला. तो उसळी न मारता सावकाश वर आला, म्हणजे पेटी हवाबंद झाली. दीड व्होल्टच्या सेलने दोन्ही वूफर एकाच दिशेला हलतात, हेही पाहून घेतले. एवढी खात्री नसेल तर पुढची सगळी मांडणी व्यर्थ आहे.

अँप्लिफायरविषयी एकच सांगतो. हे स्पीकर चार ओहमचे आहेत आणि वीज भरपूर खातात. चार ओहमचा भार सहज पेलणारा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर घ्यावा, छोट्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरच्या मोहात पडू नये.

आता खोली. लांबी ५.४ मीटर, रुंदी ३.९ मीटर, दीड फूट जाडीच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर चुन्याचा गिलावा, खाली लाल ऑक्साइडची गुळगुळीत जमीन आणि वर उतरते मंगळुरी कौलांचे छप्पर. या खोलीचा स्वभाव आम्हाला स्पीकरांच्या आधीपासून ठाऊक आहे, कारण चवथीला (गणेशचतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची मांडवी, इथेच बांधली जाते आणि आरत्याही इथेच होतात. घुमट हे मातीच्या घटाचे वाद्य वाजवणारा कोपऱ्यात बसला की त्याचा घुमारा भलताच वाढतो, तोच भिंतीच्या मध्यावर बसला की थाप स्वच्छ ऐकू येते, आणि कासाळ्यांचा (झांजांचा) किणकिणाट समोरासमोरच्या भिंतींमध्ये किती तरी वेळ खेळत राहतो. जाड चिरा खर्जाला बाहेर जाऊ देत नाही, कौले मात्र बराचसा जाऊ देतात. त्यामुळे उंचीच्या दिशेने खर्ज फारसा साचत नाही, जो साचतो तो लांबी-रुंदीच्या दिशेने.

आजचा सर्वमान्य सल्ला असा आहे की स्पीकर मागच्या भिंतीपासून निदान तीन-चार फूट पुढे ओढावेत. मी आरंभ तसाच केला आणि आवाज मोकळा पण पोकळ येऊ लागला. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. विलचर यांच्या कंपनीत खर्जाचे मापन मोकळ्या मैदानात, स्पीकर जमिनीत पुरून, त्याचे तोंड आकाशाकडे ठेवून होत असे, म्हणजे आवाजाला पसरायला निम्मेच अवकाश मिळे आणि जमीन भिंतीचे काम करी. हे स्पीकर पुस्तकांच्या कपाटात, भिंतीला धरून ठेवण्यासाठी घडवलेले आहेत. भिंत काढून घेतली की खर्जाचा मोठा आधारच जातो. शिवाय मागच्या भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेला एका ठरावीक ठिकाणी खोडते. वूफर भिंतीपासून एक मीटर पुढे असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर धरून हा खड्डा ८७ हर्ट्झच्या आसपास पडतो. पेटी भिंतीलगत नेली, म्हणजे वूफरचे तोंड भिंतीपासून सुमारे ३५ सेंटीमीटरवर आले, की तोच खड्डा २५० हर्ट्झपर्यंत वर सरकतो आणि तिथे तो बराच उथळ असतो, कारण त्या पट्ट्यात इतक्या रुंद पेटीचा आवाज मागे कमी वळतो.

८७ हर्ट्झ हा आकडा कोरडा वाटेल, पण डग्ग्याचा घुमारा याच परिसरात फिरतो. मांडणी तपासण्यासाठी मी यंत्रापेक्षा डग्ग्यावर अधिक विसंबलो. चांगला तबलजी मनगटाने दाब देत डग्ग्याचा सूर खालून वर सरकवतो, तेव्हा तो सूर खर्जाचा एक मोठा टप्पा सलग पार करतो. मांडणी बरोबर असेल तर ही मिंड एकसंध ऐकू येते. नसेल तर मधलाच एखादा सूर अचानक फुगतो किंवा गायब होतो. पेट्या खोलीत पुढे होत्या तेव्हा मिंडेच्या मधोमध भोक पडत होते, भिंतीलगत नेल्यावर ते बुजले. भिंतीला अगदी चिकटवल्या मात्र नाहीत. आमच्या चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात घाम धरतात, म्हणून मागे चार बोटांची फट सोडली.

कोपऱ्यांपासून दूर राहणे मात्र आवश्यक होते, घुमटाने ते आधीच शिकवले होते. दोन्ही पेट्या आखूड भिंतीलगत, प्रत्येकीचा मध्य बाजूच्या भिंतीपासून ८५ सेंटीमीटरवर, असे ठरले. खाली चिऱ्याचेच दोन गिलावा केलेले ओटे बांधून त्यांवर फळी आणि नमदा घातला. उघडा चिरा लाल धूळ सोडतो, म्हणून गिलावा हवाच. उंची ३५ सेंटीमीटर ठेवल्याने ट्वीटर आरामखुर्चीत बसलेल्या माणसाच्या कानाच्या जवळपास आला.

खुर्चीची जागा ठरवायला स्पीकरांपेक्षा जास्त वेळ लागला. ५.४ मीटर लांबीच्या खोलीत पहिला अनुनाद सुमारे ३२ हर्ट्झला आणि दुसरा ६५ हर्ट्झला येतो. बरोबर मध्यावर बसले की पहिला नाहीसा होतो आणि दुसरा फुगतो, समोरच्या भिंतीपासून चार मीटरवर बसले की दुसरा नाहीसा होतो, आणि मागच्या भिंतीला टेकून बसले की दोन्ही अंगावर येतात. आमच्या घरातील मोठ्यांची बसायची जागा नेमकी मागच्या भिंतीलगत होती. ती हलवताना थोडी नाराजी झाली, पण खुर्ची समोरच्या भिंतीपासून ३.४ मीटरवर आली आणि डग्गा जागेवर बसला.

वरच्या पट्ट्यासाठी उपाय घरातच होते. टाळी वाजवली की बाजूच्या भिंतींमधून तडतड परत येत होती. एका भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट, तिच्या समोरच्या भिंतीवर कापसाची जाड गोधडी दोन इंच अंतर सोडून टांगलेली, आणि खुर्ची व स्पीकर यांच्या मधल्या जमिनीवर दुहेरी घडीचे जाजम, एवढ्यावर काम भागले. पातळ पडद्यांनी यातले काही होत नाही, ते फक्त सर्वांत वरचे सूर खातात आणि आवाज मंद वाटू लागतो.

दोन्ही बाजू समान आहेत की नाही हे पाहण्यासाठी मी केसरबाई केरकरांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका वापरल्या. त्या एकाच वाहिनीच्या आहेत, त्यामुळे गायिका दोन पेट्यांच्या बरोबर मध्यभागी उभी असल्यासारखी ऐकू आली पाहिजे. सुरुवातीला आवाज कपाटाच्या उलट दिशेला झुकत होता. उजव्या ट्वीटरचा नियंत्रक किंचित वर नेल्यावर तो मध्यावर आला. या मुद्रिकांत खर्ज जवळजवळ नाहीच, म्हणून त्या फक्त मध्य ठरवायला उपयोगी आहेत, खर्जासाठी नाहीत. पुष्कळ एआर-३एधारक ट्वीटर पूर्ण चढवून ऐकतात. माझ्या कठीण भिंतींच्या खोलीत मला ते कर्कश वाटले आणि मी दोन्ही नियंत्रक पांढऱ्या खुणेच्या आसपासच ठेवले.

चवथीच्या दिवसांत पेट्या आतल्या खोलीत न्याव्या लागतात. त्यासाठी फळीवर पेटीच्या कोपऱ्यांच्या आणि जमिनीवर खुर्चीच्या पायांच्या खुणा रंगाने करून ठेवल्या आहेत, नाहीतर दर वर्षी सगळे पुन्हा मोजावे लागले असते. कौलांवर मुसळधार पाऊस कोसळत असताना ऐकण्यात काही अर्थ नसतो, तेव्हा मी प्लग काढून ठेवतो. विजांच्या मोसमात ते तसेही शहाणपणाचे. मात्र पावसाळाभर एक दिवसाआड थोडा वेळ हळू आवाजात वाजवणे, वर प्लॅस्टिक न घालता सुती कापड घालणे, आणि महिन्यातून एकदा मागचे नियंत्रक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पुन्हा खुणेवर आणणे, हा क्रम पाळतो. या पावसाळ्यानंतर उजव्या पेटीत थोडी खरखर परतली होती, ती तेवढ्या फिरवण्याने गेली. नवा फोम अजून मऊ आहे, पण दहा-बारा वर्षांनी तो पुन्हा बदलावा लागेल हे गृहीत धरून कडांचा आणखी एक जोड आताच मागवून डब्यात सिलिका जेलसह ठेवला आहे.