उत्तर न देणाऱ्या बाई

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं शाळेचं पत्र आलं. त्या चार ओळी विज्ञानाच्या बाईंवरच लिहायच्या, हे पत्र वाचता वाचताच ठरलं. इतर शिक्षकांनीही जीव तोडून शिकवलं. पण शिकणं म्हणजे काय, हे मला बाईंच्या तासाला कळलं.

लंबकाचा धडा चालू होता. गोळा जड असेल तर लंबक भरभर झुलेल का, असं कुणीतरी विचारलं. बाईंनी उत्तर दिलं नाही. "आधी आपापला अंदाज लिहा, शाईनं. खोडाखोड नको," एवढंच म्हणाल्या. बहुतेकांनी 'हो' लिहिलं. मग एक मीटर दोरीला आधी लाकडी गोळा, नंतर तेवढाच लोखंडी. दहा झोके मोजले. दोन्ही वेळा साधारण वीस सेकंद. कुणाचा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मोजले. तेवढेच! मग बाईंनी दोरी २५ सेंटिमीटरची केली. लांबी पाव झाली म्हणजे वेळही पाव, पाच सेकंद, असं सगळा वर्ग ओरडला. भरले दहा. लांबी पाव, पण वेळ निम्मा; कारण पावचं वर्गमूळ निम्मं. वर्गमूळ गणिताच्या वहीबाहेर पहिल्यांदा दिसलं ते तिथं. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही.

दर शनिवारी पुस्तकं दप्तरात ठेवून मागच्या आठवड्यातलं आठवेल तेवढं लिहायचं. त्याला गुण नसत. आज मी कारखान्यात नव्या मुलामुलींना यंत्रं हाताळायला शिकवते, तेव्हा त्या शनिवारांचं मोल कळतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून माणूस किती झपाट्यानं विसरतो ते १८८५ साली मांडलं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांना आढळलं, की धडा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिलेलेच पुढे असतात. बाईंनी हे आमच्याकडून कितीतरी आधी करून घेतलं होतं!

मध्यंतरी शाळेत येऊन गेले. लंबक आता पडद्यावर झुलतो आणि उत्तरं छापील मिळतात. मन खट्टू झालं. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक टेबलासाठी स्टँड, दोरी, गोळे आणि स्टॉपवॉच द्यायची माझी तयारी आहे. मुख्याध्यापकांनी फक्त कळवावं.